घरचे टपाल आणि त्याची कुलपे

पत्रे जपून ठेवण्याची हौस आपल्या घरांतून फार जुनी आहे. बिद्रीच्या आमच्या वाड्यात माजघराच्या खुंटीस टोक वळविलेली एक लोखंडी तार टांगलेली असे, आणि आलेले प्रत्येक कार्ड वाचून झाले की ते त्या तारेत ओवले जाई. तार भरली म्हणजे सगळा गठ्ठा माळ्यावरच्या पेटीत पडे. कोणते पत्र केव्हाचे हे पाहावयाचे असल्यास वरून खाली मोजीत जावे, इतकी ती व्यवस्था सरळ होती. वाळवी आणि उंदीर यांखेरीज तिला शत्रू नव्हता.

ई-मेल आला तेव्हा ही तार नाहीशी झाली. तिच्या जागी काय आले, याचा विचार मात्र फार थोड्या घरांनी केला असेल. पत्रे येतात, वाचली जातात आणि मग ती ‘कोठे तरी’ असतात. हे ‘कोठे तरी’ म्हणजे नेमके कोठे, ती कोणाच्या कुलपात आहेत आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न आमच्या घरात सन २०२१ मध्ये अशा रीतीने उभा राहिला की, त्यास बगल देणे शक्यच नव्हते. त्याची हकीकत पुढे येईलच; परंतु ती समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी.

ई-मेल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इंटरनेटवरील एखाद्या कंपनीच्या दारात जाऊन तिच्याच खिडकीतून आपली पत्रे पाहणे. हल्ली बहुतेक लोक हेच करतात. दुसरा मार्ग जुना आहे. आपल्या टेबलावरील संगणकावर टपालाचे सॉफ्टवेअर बसवावयाचे, त्याने दूरच्या संगणकाकडून आपली पत्रे मागून आणावयाची, आणि मग ती घरच्या घरी वाचावयाची, लावून ठेवावयाची, उत्तरे लिहावयाची. यातही पुन्हा दोन पद्धती आहेत. ‘पॉप’ नावाच्या पद्धतीत पोस्टातील थैली घरी आणून रिकामी करावी तसे होते. प्रत तिकडे ठेवावी असे मुद्दाम सांगितले नाही, तर पत्र आपल्या घरी येते आणि तिकडून नाहीसे होते. ‘आयमॅप’ पद्धतीत पत्र पोस्टातच राहते, आपण त्याची नक्कल पाहतो, आणि येथे ते खोडले तर तेथेही खोडले जाते. पहिलीत हानीचा धोका घरात, दुसरीत परक्याच्या दारात. कोणती बरी, याचे उत्तर घरातील माणसे किती व्यवस्थित आहेत यावर अवलंबून आहे.

आमच्या गावास त्या काळी पहिलीच पद्धत सोयीची होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे इंटरनेट सर्वसाधारण लोकांस खुले केले. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील, दूधगंगेच्या खोऱ्यातील आमच्या बिद्रीस ते येण्यास आणखी काही वर्षे गेली. साखर कारखान्यामुळे गावाचे नाव दूरवर गेलेले असले, तरी टेलिफोनच्या तारा काही त्या मानाने सुधारलेल्या नव्हत्या. सन २००० मध्ये आमच्याकडे संगणक आला. टेलिफोनच्या तारेस मोडेम जोडावयाचा, त्याचा तो किंचाळण्यासारखा आवाज संपेपर्यंत सर्वांनी श्वास रोखून उभे राहावयाचे, आणि जोडणी झाली की मीटर पळण्याच्या आत पत्रे खाली उतरवून घेऊन फोन बंद करावयाचा, असा प्रकार होता. मग वाचणे सावकाश. उत्तर लिहिणे त्याहून सावकाश. लिहिलेली उत्तरे ‘आउटबॉक्स’ नावाच्या खणात थांबत आणि पुढच्या जोडणीस एकदम रवाना होत. गळीत हंगामात मळीचा वास घरभर भरलेला असताना, वीज जाण्याच्या आत उत्तर पुरे करण्याची जी धांदल उडे ती आठवली म्हणजे आजही हसू येते.

ही सॉफ्टवेअरे करणारे लोक कोण, याची चौकशी आम्ही पुढे हौसेने केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये ‘युडोरा’ रचले. युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेची पोस्ट ऑफिसात राहावयास गेलेल्या एका बाईवर कथा आहे. दिवसरात्र टपालाचे काम करता करता आपणही पोस्टातच राहतो असे डॉर्नर यांस वाटू लागले, म्हणून हे नाव. संगणकाच्या वस्तूस कथालेखिकेचे नाव मिळाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे डेव्हिड हॅरिस यांनी १९९० मध्ये ‘पेगासस मेल’ काढले आणि ते लोकांस फुकट वापरू दिले. खर्च निघावयाचा तो वापरण्याची पुस्तिका विकून. सन २००७ च्या आरंभी त्यांनी काम थांबविल्याचे जाहीर केले, पण पुढे ते पुन्हा सुरू केले. ‘थंडरबर्ड’ची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी निघाली, तेही फुकट आणि आज लोकांच्या देणग्यांवर चालते. अन्नछत्र चालविणाऱ्यांची जात निराळीच असते. युडोराचा धंदा २००६ मध्ये आटोपला. परंतु त्याची मूळ संहिता २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयाने सर्वांस खुली केली.

या सॉफ्टवेअरांस जोडावयाच्या पुरवण्या असतात, त्यांस ‘ॲड-ऑन’ म्हणतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक निव्वळ शोभेच्या. पत्रास फुलापानांची चौकट, अक्षरांवर चमचम, उघडताच वाजणारी घंटा, यांविषयी न बोललेले बरे. युडोराच्या सन २००० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र एक गमतीची सोय होती. आपण लिहिलेल्या पत्राची भाषा कितपत झोंबणारी आहे हे ती तपाशी आणि पत्र धाडण्यापूर्वी एक, दोन किंवा तीन मिरच्यांचे चित्र दाखवून लेखकास सावध करी. कोल्हापूरकडील माणसास तीन मिरच्यांची भीती ती काय वाटणार! शिवाय तिची सारी परीक्षा इंग्रजी शब्दांवर. आमच्याकडचे ठेवणीतले शब्द रोमन अक्षरांत लिहिले तर ते बिनमिरचीचे म्हणून सुखरूप पार पडत.

खऱ्या कामाच्या पुरवण्या दिसावयास अगदी रुक्ष असतात. पत्रे बाहेर काढणाऱ्या, आत घेणाऱ्या, दुहेरी आलेली निवडणाऱ्या, नक्कल करून ठेवणाऱ्या. त्यांची किंमत कळण्यास पत्रे कोणत्या रूपाने साठतात हे पाहावे लागते. थंडरबर्ड एका खणातील सर्व पत्रे सामान्यतः एकाखाली एक अशी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिते. ती फाइल कोणत्याही संगणकावर साध्या मजकुराप्रमाणे उघडून पाहता येते. तिच्यातून खोडलेले पत्रही लगेच जात नाही. ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा होईपर्यंत ते नुसते झाकलेले असते. ‘आउटलुक’ सारे काही ‘पीएसटी’ नावाच्या एकाच बंद गाठोड्यात ठेवीत असे. १९९७ ते २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत हे गाठोडे दोन गिगाबाइटांपलीकडे वाढू शकत नसे. २००३ च्या आवृत्तीपासून गाठोड्याचा साचा बदलला आणि मर्यादा पुष्कळ वाढली. फाटलेले गाठोडे शिवण्याचे एक उपकरण आउटलुकबरोबरच दिलेले असते, हे अनेकांस ठाऊक नसते. पत्रासोबत छायाचित्रे जोडण्याची रीत १९९२ मध्ये ‘माइम’ या नियमावलीने घालून दिली. तिच्यात चित्राच्या दर तीन अक्षरांची टपालासाठी चार अक्षरे होतात, म्हणजे ओझे तिसऱ्या हिश्शाने वाढते. नातवंडांची छायाचित्रे येऊ लागली की गाठोडी का फुगतात, हे यावरून ध्यानी येईल.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे थोरले काका, ज्यांस सगळे घर नाना म्हणे, ते १९६९ मध्ये इंजिनियर म्हणून अमेरिकेस गेले आणि तिकडेच राहिले. बिद्रीचा वाडा वडिलोपार्जित, त्यात त्यांचा हिस्सा होताच. सन २००० पासून २००९ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत दर रविवारी त्यांचे पत्र आमच्या संगणकावर येई. आमच्या आत्या, माई, ऐन चाळिशीत वैधव्य येऊन माहेरी परतल्या होत्या. त्या वाड्याच्या पश्चिमेकडील दोन खोल्यांत राहतात. नानांची पत्रे मुख्यतः त्यांच्यासाठीच असत.

सन २०२१ मध्ये वाड्याची पडझड फार झाली आणि तो पाडून बांधावा की काय, असा विचार निघाला. नानांच्या दोन मुलांस पत्र गेले. त्यांचे उत्तर अगदी योग्य होते. माईआत्यांच्या खोल्यांविषयी व आमच्या हिश्श्याविषयी बाबांनी काही लिहिले होते असे ऐकून आहोत. जे लिहिले असेल ते आम्हांस शिरसावंद्य आहे. मात्र ते पाहावयास मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे. येथे घरात तीन माणसांची तीन स्मरणे. कोणी म्हणे, नानांनी आपला हिस्सा सोडलाच होता. कोणी म्हणे, खोल्या तेवढ्या माईंच्या नावे करा असे लिहिले होते. माई स्वतः काहीच बोलत नसत. घर पाडण्याची भाषा निघाल्यापासून त्या आपल्या ट्रंका आवरू लागल्या होत्या, हे सुनांच्या ध्यानात आले. नव्या बांधकामाच्या नकाशात आपल्याला जागा आहे की नाही हे विचारण्याचे त्यांस धैर्य नव्हते, आणि ते पत्र सापडेपर्यंत सांगण्याचे आम्हांस.

पत्रे जुन्या संगणकात, आणि संगणक माळ्यावर त्याच पेटीशेजारी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती होती ते काढणाऱ्या कंपनीने ते केव्हाच सोडून दिले होते. नव्या संगणकावर ते बसेना, आणि नवे सॉफ्टवेअर ती फाइल ओळखीना. ‘पॉप’च्या पद्धतीमुळे दूरच्या संगणकावर एकही पत्र शिल्लक नव्हते, इतकेच नव्हे, तर तो पत्ता देणारी संस्थाही उरली नव्हती. तिकडे नानांचे खाते त्यांच्या पश्चात बंद झालेले. सारांश, त्या पत्राची अवघ्या जगात एकच प्रत होती आणि ती आमच्या माळ्यावर धूळ खात पडली होती.

आमच्या पुतण्याने जुन्या संगणकातील डिस्क काढून एका लहानशा जोडणीने नव्या संगणकास लावली. प्रथम त्याने सबंध फाइलीची नक्कल करून मूळ डिस्क बाजूस ठेवून दिली आणि जे काय करावयाचे ते नकलेवर केले. ही शिस्त ज्याने त्यास शिकविली त्याचे आम्ही ऋणी आहोत. नंतर उपकरणांचा शोध. बाजारात अशी पुष्कळ उपकरणे आहेत की जी पत्राचे नाव आणि तारीख दाखवितात व मजकुरासाठी पैसे मागतात. गरजवंतास अक्कल नसते हे त्यांस चांगले कळते. शेवटी काम झाले ते कोणा एकट्या मनुष्याने लिहून फुकट ठेवलेल्या एका चिमुकल्या उपकरणाने. त्यास ना खिडकी, ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची आणि वाट पाहावयाची. फाइलीची अनुक्रमणिका मोडलेली होती, म्हणून ते तिकडे न पाहता आरंभापासून एकेक तुकडा वाचीत गेले आणि प्रत्येक पत्र ‘ईएमएल’ या साध्या रूपात निराळे काढून ठेवीत गेले. रात्री दहास लावलेले काम पहाटे आटोपले. अकराशेच्या वर पत्रे निघाली.

परंतु ती वाचता येईनात! कारण असे की, नाना मराठी लिहीत ते त्या काळच्या एका फुकट फॉन्टात. आज युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तेथे जागा मिळाली आणि विंडोज २००० पासून ती घरगुती संगणकांत दिसू लागली. परंतु पुढेही बरीच वर्षे लोक जुन्याच तऱ्हेने लिहीत. किरण, शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी वळणे बसवीत, आणि ज्याचा त्याचा क्रम निराळा. फॉन्ट जवळ असेल तर मराठी दिसे. नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. नानांची नऊ वर्षांची माया त्या कचऱ्याच्या रूपाने आमच्यापुढे पसरलेली होती.

येथेही फॉन्ट बदलून देणारी उपकरणे कामास आली. ही मराठी आणि हिंदी लिहिणाऱ्या स्वयंसेवकांनी केलेली. नुसते अक्षरास अक्षर दिले तर भागत नाही, हे त्यांसच ठाऊक. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. ही उलटापालट न करणारे एक उपकरण पुतण्याने आधी लावून पाहिले, तेव्हा ‘सर्व’ चे ‘सवर्’ झाले आणि ‘मार्च’ चे ‘माचर्’. दुसऱ्याने ते नीट केले. तरी ‘श्र’ आणि ‘द्य’ यांवर ते अडखळे, ते आम्ही हाताने दुरुस्त केले. आठवडा गेला.

पत्र सापडले ते २००३ च्या दिवाळीतले. नानांनी त्यात लिहिले होते की, पश्चिमेच्या दोन खोल्या आणि विहिरीकडचे परस यांची वहिवाट माईने हयातभर निर्वेध करावी. घराचे पुढेमागे काहीही झाले तरी तिला तेवढीच जागा, त्याच दिशेस मिळावी. त्यानंतर आपल्या हिश्श्याचे काय करावयाचे ते मुलांनी ठरवावे. म्हणजे हिस्सा सोडल्याचे जे काहींच्या स्मरणात होते ते पत्रात नव्हते. घरातील एकदोन चेहरे उतरले. ते साहजिक होते. पत्र जसे होते तसे, मूळ कचऱ्यासह आणि त्यावरील तारखांच्या ओळींसह, अमेरिकेस धाडण्यात आले.

वकिलांनी सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. अशा पत्राने स्थावरावरील हक्क सुटत नाही आणि मिळतही नाही. नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे आणि हक्कसोडपत्र व्हावयाचे तर ते नोंदवूनच व्हावे लागते. पत्राचे काम एवढेच की, गेलेल्या माणसाची इच्छा काय होती ते सांगावे. आमच्या चुलतभावांस तेवढे पुरे झाले. त्यांनी हिस्सा ठेवला आणि नव्या नकाशात पश्चिमेच्या दोन खोल्या माईंसाठी आखून घ्याव्यात, त्याचा आपल्या वाटणीचा खर्च आपण देऊ, असे लिहून पाठविले. नकाशा माईंपुढे उलगडला तेव्हा त्यांनी विहीर कोठे आहे एवढेच विचारले.

या प्रकरणानंतर आमच्या घरी टपालाची व्यवस्था बदलली. थंडरबर्ड बसविले आहे. पूर्वीच्या कित्येक आवडत्या पुरवण्या त्याच्या २०२० च्या आवृत्तीपासून चालेनाशा झाल्या. हा त्या मंडळींचा मोठाच दोष, कारण पुरवणी करणारे गरीब लोक दर वर्षी नव्याने मांडणी कोठून करणार? परंतु ‘इम्पोर्ट-एक्सपोर्ट-टूल्स’ नावाची पुरवणी एका गृहस्थाने नव्या आवृत्तीस जुळवून घेतली आहे. तिने सबंध खणाची पत्रे ‘ईएमएल’च्या रूपात एकदम बाहेर काढता येतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती काढून दोन डिस्कांवर ठेवावयाची, एक येथे आणि एक कोल्हापुरास धाकट्या बहिणीकडे, असा नेम आहे. कंपन्यांच्या दारातील कायदे बदलत असतात. गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या परवलीच्या शब्दावर पत्रे नेणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरांस मज्जाव केला. तो आमच्याच रक्षणासाठी होता हे मान्य, तरी त्या दिवशी कित्येक घरांत पत्रे येणे बंद झाले. विंडोजबरोबर येणारे ‘मेल’ ३१ डिसेंबर २०२४ नंतर पत्रे आणीनासे झाले. ‘ईएमएल’ची फाइल मात्र साध्या मजकुराच्या खिडकीतही उघडते.

नानांची पत्रे आम्ही मोठ्या अक्षरांत छापून माईंस दिली. त्यांची दृष्टी आता अधू असल्याने रोज दुपारी सूनबाई त्यांस दोन पत्रे वाचून दाखविते. पंधरा दिवसांनी माई म्हणाल्या, “अगं, त्याचंच सारं वाचतेस. मी लिहवून घेतलेली उत्तरं कुठायत?”

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. तारेत ओवलेल्या कार्डांत नेहमी दुसऱ्याचेच बोलणे सापडावयाचे. आपले उत्तर टपालाने गेले ते गेले. टपालाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाठविलेली पत्रे’ म्हणून निराळा खण असतो. तो उघडला तो माईंनी सांगितलेली साडेतीनशे उत्तरे तेथे होती. त्या वेळी दहा वर्षांची असलेली आमची भाची त्यांची लेखनिक. तिला मराठी फॉन्ट जमत नसे म्हणून तिने सगळे रोमन अक्षरांत लिहिलेले, आणि म्हणूनच त्यांतील एकाही अक्षरास धक्का लागला नव्हता. हळदीचे भाव, विहिरीचे पाणी, नानांच्या गुडघ्यास कोणते तेल लावावे, आणि २००३ च्या दिवाळीतल्या त्या पत्राचे उत्तरही. सूनबाईने ते वाचले. माईंनी पुन्हा वाचावयास सांगितले, आणि मग म्हणाल्या, “यात मी शेवटी एक वाक्य सांगितलं होतं. पोरीनं गाळलंन्.” भाचीस पुण्यास फोन केला, तिला काही आठवेना. माईंस वाक्य आठवत होते. त्यांनी ते सांगितले आणि छापील कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहावयास लावले.